खिंडीपलीकडचा उतार

प्रिय भिंगरी,

परवा दुपारी तुझा निरोप आला तेव्हा मी एक वाकडं चाक सरळ करत होतो. "काका, तीन शर्यती निवडल्यात. तिन्हींत पोहणं आणि धावणं जवळपास सारखंच. सायकलचा मार्ग सगळ्यात चढाचा कुठला, तेवढं सांग. खरं सांग, मला जपू नकोस." वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि जो स्पोक सैल करायचा तोच आवळून बसलो. चाक आणखी वाकडं झालं. दोन दिवस उत्तर दिलं नाही याचा तू नक्की राग धरला असशील. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, त्या बाबतीत थेट बापावर गेलीस. म्हणून आज दुकानाची पाटी 'बंद'कडे फिरवली, कामाच्या टेबलावरची चेन आणि ग्रीसचे डबे एका बाजूला ढकलले आणि लिहायला बसलोय. कागदाला कुठे काळं बोट लागलं तर सांभाळून घे. तू पाच वर्षांची असताना माझ्या खिशात कायम पाना असतो म्हणून मला पानेकाका केलंस, आणि पुढे सायकल क्लबवाल्यांनी ते असं उचललं की एकदा मला चक्क 'श्री. पाने यांस' असं पाकीट आलं. त्या नावाला जागायचं तर हात काळे असायलाच हवेत.

तर तुझ्या तीन शर्यती. एकशेऐंशी किलोमीटर सायकल तिन्हींत आहे, पण एकशेऐंशी आणि एकशेऐंशीत फरक असतो. तुझा बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचा, त्यामुळे त्याला कुठलाही रस्ता आधी कागदावर दिसायचा. प्रत्येक शर्यतीचा चढ तो आलेखाच्या कागदावर काढायचा, खाली अंतर, बाजूला उंची, आणि पेन्सिलीला टोक करत म्हणायचा, "हे बघ, एवढंच आहे." मी म्हणायचो, "कागदावर घाम येत नाही रे." त्याचं गणित एकूण चढाचं असायचं. मी मात्र बघायचो, पाय कुठे मरणार आहेत ते. आम्ही दोघांनी मिळून या तिन्ही शर्यतींचे मार्ग पालथे घातले आहेत, त्यामुळे तू योग्य माणसाला विचारलंस. किंवा नको त्या माणसाला. पुढे वाच.

पहिली, तळ्याकाठची. एकूण चढ सतराशे मीटर, म्हणजे तिघींत सगळ्यात कमी. तळ्याला तीन फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत दगडखाणीमागचा तोच सहा किलोमीटरचा चढ. पहिल्या फेरीत तो पाहुण्यासारखा वागतो, दुसऱ्या फेरीत सोयऱ्यासारखा, आणि तिसऱ्या फेरीत जावयासारखा, काही केलं तरी समाधान नाही. खाणीतून निघालेल्या ट्रकांनी रस्त्याला खोल चाकोऱ्या पाडल्यात, म्हणून उजव्या कडेने राहायचं. तुझ्या बाबाने ही शर्यत दोनदा पुरी केली. दुसऱ्या वेळी शेवटच्या चढावर त्याचा गिअर अडकला, तर हा गडी उतरून सायकल खांद्यावर घेऊन पळायला लागला. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी मागून ओरडत होतो, "अरे, चेन उतरलीय फक्त, थांब!" पण थांबेल तर तो तुझा बाप कसला. तुला ही शर्यत सोपी जाईल. सोपी गेलेली तुला आवडणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

दुसरीला आम्ही करवत म्हणायचो. एकूण चढ बावीसशे. दोन किलोमीटरपेक्षा लांब चढ एकही नाही, पण लहान लहान चढांचे दात ओळीने लावलेले. तुझा बाबा म्हणायचा त्रेसष्ट आहेत, मी म्हणायचो एकसष्ट. महिनाभर भांडलो. शेवटी एका रविवारी मुद्दाम मोजायला गेलो, तर बासष्ट निघाले आणि दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलं. या मार्गावर श्वास लागला की लगेच उतार, श्वास बसला की लगेच चढ. गिअर बदलून बदलून अंगठा सुजतो. उघडं माळरान आहे, दुपारनंतर वारा समोरून येतो. पण भिंगरी, ही तुझ्यासाठी आहे. तुझे पाय आखूड आणि जोरकस, छोट्या चढावर तुला धरणारी माझ्या बघण्यात कोणी नाही. उतारही सगळे सरळ, समोर सगळं दिसतं. माझं ऐकणार असशील तर ही घे. एवढंच सांगून पत्र संपवता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

मंगळवारी तुझी आई दुकानात आली होती. कुकरचं हँडल हलत होतं, ते आवळून द्या म्हणाल्या. घराशेजारी भांड्यांचं दुकान असताना वहिनी एवढ्या लांब माझ्याकडे का आल्या, ते मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं. थोडा वेळ भिंतीवरच्या सायकली बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ती त्या खिंडीच्या शर्यतीचं बोलते हल्ली." मी स्क्रू फिरवत राहिलो. "मी नाही म्हणणार नाही तिला. त्यांच्यावरच गेलीय. तुम्ही सोबत असाल ना, मग मला काळजी नाही." मी मान हलवली आणि स्क्रू इतका फिरवला की आटेच गेले. नवीन स्क्रू बसवून दिला. दारातून वळून त्या म्हणाल्या, "टायर तेवढे नीट बघा तिचे." अकरा वर्षांत वहिनींनी मला दुसरं काही सांगितलेलं नाही, भिंगरी. येतील तेव्हा हेच.

आता तिसरी. एकूण चढ एकतीसशे मीटर. तू विचारलंस म्हणून खरं सांगतो, चढाच्या बाबतीत ही त्या दोघींची आई आहे. पहिला घाट एकोणीस किलोमीटरचा, पण सरळ स्वभावाचा. एकदा लय सापडली की गुणगुणत जाता येतं. मग खाली दरी, पूल, धान्याची गोदामं, आणि तिथून दुसरा घाट, चौदा किलोमीटर. त्याच्यासमोर पहिला साधुसंत वाटतो. सुरुवातीला दाट झाडी, त्यात ऊन लागत नाही म्हणून माणूस फसतो आणि जोर लावून बसतो. सातव्या किलोमीटरला झाडं संपतात, नुसता दगड. अकराव्यापासून दोन किलोमीटर शंभर मीटरला अकरा मीटरचा चढ आहे. तिथे सायकल चालत नसते, आपण तिला पुढच्या खांबापर्यंत चल म्हणून विनवत असतो. डोळ्यांत घाम जातो, कानात स्वतःचंच रक्त ऐकू येतं, आणि वर बघितलं की खिंड तेवढीच लांब. मी आणि तुझा बाबा चार वर्षांत तो घाट अकरा वेळा चढलो. अकराच्या अकरा वेळा त्याने वर पोचल्यावर हेल्मेट काढून खिंडीला मुजरा केला आणि मी त्याला "नाटकी" म्हणालो. वर एक दगडी बाक आहे आणि एक नळ, पाणी इतकं गार की दात दुखतात. खिंडीच्या पलीकडे नऊ किलोमीटर उतार आहे.

इथवर लिहून मी उठलो. चहा केला, पिऊन कप विसळला, रस्त्यावर उगाच एक नजर टाकली, पुन्हा बसलो. गेली सहा वर्षं मी तुला शिकवतोय. तू अठराची होतीस, दुकानात येऊन म्हणालीस, "बाबाची सायकल मला करून दे," तेव्हापासून. एक गोष्ट तुझ्या कधी लक्षात आली का? मी तुला चढ शिकवला, पोहण्यासाठी तळ्यावर घेऊन गेलो, पावसात तुझ्यामागे गाडीतून धावणं मोजत बसलो. उतार मात्र कधी शिकवला नाही. प्रत्येक डोंगरमाथ्यावर मी काहीतरी कारण काढलं. गुडघा दुखतोय. ब्रेक तपासायचेत. तू हो पुढे, मी येतो मागून. गेल्या वर्षी त्या दुसऱ्या प्रशिक्षकाने तुला सरळ विचारलं, "चढावर एवढं कमावतेस आणि उतारावर सगळं घालवतेस, तुला शिकवतं तरी कोण?" तू माझ्यासाठी त्याच्याशी भांडलीस. मी बाजूला पंपाने हवा भरत राहिलो. तुझ्या मागे मी राहू शकतो. तुझ्या पुढे राहून उतरणं मला जमत नाही.

तुझा बाबा टायर फुटून गेला, असं तुला सांगितलेलं आहे. तुला, वहिनींना, क्लबला, सगळ्यांना. तू तेरा वर्षांची होतीस. तेव्हापासून तू टायर कसे बघतेस ते मी पाहतो. निघण्याआधी तीनदा बोट फिरवून, डोळे मिटून, आंधळ्या माणसाने चेहरा चाचपावा तसे. चांगले टायर दोन महिन्यांत टाकून देतेस. आणि वहिनी. ते टायर त्यांनीच त्याच्या वाढदिवसाला आणले होते, माझ्याच दुकानातून. मी म्हणालो होतो, "हे घ्या, दहा वर्षं बघायला नको." त्या दिवसानंतर वहिनींनी मला कधी दोष दिला नाही. त्यांनी तो स्वतःकडे ठेवून घेतला. भिंगरी, त्या टायरांत काही खोट नव्हती.

आम्ही शर्यतीच्या तीन आठवडे आधी मार्ग बघायला गेलो होतो. सकाळ होती, लख्ख ऊन. क्लबला त्या वर्षी एकच जागा मिळाली होती आणि आमचं दोघांचं ठरलेलं होतं, जायचं तर दोघांनी, नाहीतर कोणीच नाही. खिंडीत त्याने मुजरा केला, नळावर पाणी प्यायला आणि तोंड पुसत म्हणाला, "तुला सांगायचं राहिलं. मी नाव दिलंय." मी विचारलं, "कधी?" तर म्हणाला, "झाला महिना. तू चिडशील म्हणून बोललो नाही." महिनाभर हा माझ्याबरोबर रोज सराव करत होता, माझ्या हातचा चहा पीत होता. मी म्हणालो, "आधी सांगायचं होतंस." तो हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, अवघडला की तो तसाच हसायचा, तूही हसतेस. पण मला ते लागलं. मी सायकल उचलली आणि एकटाच उताराला लागलो. तो मागून ओरडला, "अरे, थांब की!" मी थांबलो नाही. मग त्याच्या चाकाचा आवाज मागे यायला लागला.

आमची रीत होती, पुढच्याने रस्ता वाचायचा. खड्डा, तेल, खडी, काहीही दिसलं की हात खाली सोडून बोटं फिरवायची. मागचा रस्त्याकडे बघत नाही, पुढच्याच्या हाताकडे बघतो. मागच्याला समोरचं दिसतच नसतं. चौथ्या वळणावर खडी होती. डागडुजीला आणलेली बारीक खडी, वळणाच्या बाहेरच्या अंगाला अर्ध्या रस्त्यापर्यंत पसरलेली. मला ती लांबूनच दिसली. मी वेग कमी केला, आतल्या अंगाने गेलो, सुखरूप निघालो. दोन्ही हात ब्रेकवर होते, हात सोडला असता तर मीच पडलो असतो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगून बघितलं. ते खरं नाही. वेळ होता. मी हात खाली केला नाही, कारण त्या क्षणी माझ्या मनात आलं, जरा घाबरू दे त्याला. एवढंच. पडावा असंही नव्हतं. चाक सरकेल, ते हसू जरा उतरेल. मग मागून आवाज आला. त्या आवाजाचं वर्णन मी तुला करणार नाही.

मी परत वर धावलो तेव्हा तो कठड्याशी पडला होता आणि शुद्धीवर होता. मी त्याचं डोकं हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलं. तो माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "खडी होती रे. तुला दिसली नाही का?" मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "बरं." मग तुझं नाव घेतलं, वहिनींचं घेतलं, आणि पुढे काही बोलला नाही. मदतीची गाडी येईपर्यंत मी काय केलं, ते आजवर कोणाला माहीत नाही. मी बुटाने ती खडी रस्त्यावरून दरीत लोटली. दुसरं कोणी घसरू नये म्हणून, असं मी तेव्हा मनात म्हणत होतो. चौकशीला आलेल्या माणसाने सायकल बघितली, पुढचा टायर फाटलेला होता. त्याने मलाच विचारलं, "तुम्ही यातले जाणकार, काय झालं असेल?" टायर फाटला होता तो पडल्यावर, कठड्यावर आदळून. फाटलेली कड बघून कुठलाही सायकलवाला ते सांगू शकला असता. तिथे सायकलवाला मी एकटाच होतो. मी म्हणालो, "टायर फुटला." त्याने लिहून घेतलं. वहिनींना ते सांगायलाही मीच गेलो. आणि मी सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघूनसुद्धा मी शब्द मागे घेतला नाही.

हे पत्र आजच का, ते सांगतो. आज सकाळी तुझा दुसरा निरोप आला. "काका, तुझी वाट बघून थकले. तिसरीच घेतली, नाव दिलं. पुढच्या रविवारी तू आणि मी खिंड उतरायला जातोय, आता गुडघा नको सांगूस. तू पुढे राहा. मी तुझ्या हातावर नजर ठेवून येईन, बाबासारखी." म्हणजे शर्यतींची तुलना करायची गरजच उरली नव्हती. तरी मी ती केली, जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवलं. पण तू माझ्या हाताकडे बघून त्या वळणात शिरणार, आणि तो हात काय करून बसलाय हे तुला माहीत नसणार, हे मी होऊ देणार नाही. रविवारी तुझ्या पुढे आपल्या क्लबातली टपालवाली असेल. तिच्याइतकं उतारावरचं कोणाला कळत नाही, मी तिच्याशी बोललोय, ती हो म्हणालीय. का, ते तिने विचारलं नाही. चौथ्या वळणाआधी उतरा, चालत जाऊन रस्ता बघा, मग वर येऊन पुन्हा सुरू करा. दुकानात ठेवलेली तुझी सायकल तयार करून तिच्याकडे पोचवली आहे. हे पाकीट टाकून मी इथून थेट वहिनींकडे जातोय. तुला हे मिळेल तोवर टायरांचं त्यांना माझ्या तोंडून कळलेलं असेल. मग त्या मला घरात बसवतात की दारातून परत पाठवतात, ते त्यांनी ठरवायचं. पोलिसांकडे जायचं म्हणाल तर मी येईन, माझा जबाब मी वेगळ्या कागदावर लिहून सही करून पाकिटात ठेवला आहे. माफ कर असं मी लिहीत नाही. ते मागायचं होतं ज्याच्याकडे, त्याला मी "नाही" म्हणालो.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
पानेकाका